डीबीतले दोन सारखे दिसणारे खटके: एमसीबी आणि आरसीसीबी

"घरात सगळे एमसीबी बसवलेत, आता शॉकची भीती नाही." फ्लॅटचं काम काढलेल्या माणसाकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि ते साफ चूक आहे. टाइल्स निवडायला चार दुकानं पालथी घालणारे लोक डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या खटक्यांची पेटी, मात्र वायरमनच्या मर्जीवर सोडतात. त्याच्या कोटेशनमध्येही 'डीबी, सर्व खटक्यांसह' एवढीच ओळ असते. त्या ओळीत काय काय येतं ते विचारायला हवं, कारण डीबीत दोन वेगळ्या जातीचे खटके लागतात आणि एकाचं काम दुसरा करत नाही.

एमसीबी बघतो तो फक्त प्रवाह किती वाहतोय एवढंच. ओव्हरलोड झाला की आतली धातूची पट्टी तापून वाकते आणि तो पडतो. शॉर्ट सर्किट झालं की आतलं चुंबक त्याला क्षणात पाडतं. पूर्वी चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमधली तार जे काम वितळून करायची, तेच हा न वितळता करतो. तो राखण करतो ती वायरची, वायर तापून पेटू नये म्हणून.

आता ओल्या हातानं कुणी बिघडलेल्या गिझरला हात लावला असं धरा. अंगाचा रोध ढोबळमानानं एक ते दोन हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून साधारण ११५ ते २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडवायला एवढा पुरेसा आहे. पण एमसीबीच्या हिशेबात हा जेमतेम पाव अँपिअरही नाही, जुन्या ६० वॅटच्या बल्बपेक्षा कमीच. त्याच्या लेखी घरात आणखी एक दिवा लागला. गिझरचा १६ अँपिअरचा असो नाहीतर दिव्यांचा ६ अँपिअरचा, तो ढिम्म हलणार नाही.

ही चोरवाट पकडतो तो आरसीसीबी. जुने वायरमन त्यालाही सवयीनं ईएलसीबी, म्हणजे त्याच्या आधीच्या जुन्या खटक्याच्याच नावानं, ओळखतात. त्याच्या आत एका गोल गाभ्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. दोघांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह कुठून तरी जमिनीत चाललाय, की हा जास्तीत जास्त ०.३ सेकंदात लाइन तोडतो. मात्र किती प्रवाह वाहतोय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याच्यावर छापलेले ४० अँपिअर म्हणजे तो तेवढा सोसू शकतो, तेवढ्याला पडतो असं नव्हे. त्यामुळे आरसीसीबी लावला म्हणून एमसीबी काढता येत नाहीत. दोन्ही कामं एकात करणारा आरसीबीओ मिळतो, महाग पडतो. बाथरूमच्या गिझरपुरता तरी घ्यावा असं मला वाटतं.

ओळखायचं कसं? आरसीसीबीवर छोटं टेस्टचं बटण असतं आणि '३० एमए' किंवा '०.०३ ए' असं छापलेलं असतं. एमसीबीवर 'सी १६' किंवा 'बी ६' अशी खूण असते आणि असं बटण नसतं. गोंधळ होतो तो डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या, एमसीबीमुळे. तोही आरसीसीबीइतकाच रुंद असतो, आणि डीबीचं झाकण बंद असलं की फरक चटकन दिसत नाही. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे आरसीसीबीही मिळतात, पण माणसाच्या बचावासाठी घरात ३० चाच हवा. बिलावर तो आकडा लिहून घ्या.

हा फरक लक्षात नसला की नूतनीकरणात दोन उलट्या चुका होतात. पहिली एमसीबीच्या बाबतीत. किचनमध्ये ओव्हन, इंडक्शन, डिशवॉशर येतात आणि जुन्या लाइनचा १६ चा एमसीबी वरचेवर पडू लागतो. मग कुणीतरी त्या जागी ३२ चा बसवून देतं. पडणं थांबतं, सगळे खूश. भिंतीत मात्र तीच दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर प्लास्टरआड तापत राहते. २००० वॅटचा इंडक्शन एकटाच जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, त्याच लाइनवर किटली लावली की झालंच. खटका पडतोय याचा अर्थ वायर अपुरी आहे. उपाय एकच, डीबीपासून अडीचची किंवा चारची स्वतंत्र लाइन, आणि तीही टाइल्स लागायच्या आधी, भिंतीत वायरसाठी झिऱ्या (खाचा) मारून होतायत तोवर.

दुसरी चूक आरसीसीबीची. पावसाळा आला की तो रोज पडतो, वायरमन म्हणतो "पीस खराब आहे", आणि थेट जोडणी करून मोकळा होतो. पीस क्वचित खराब असतोही. पण बहुतेकदा कारण खरं असतं: बाल्कनीतल्या दिव्यात शिरलेलं पाणी, गिझरचं गेलेलं एलिमेंट, ओली झालेली जंक्शन. शिवाय १५ मिलिअँपिअरच्या पुढे तो केव्हाही पडू शकतो, म्हणून पाच-सहा उपकरणांची थोडीथोडी गळती मिळूनही त्याला पुरते. सगळे एमसीबी पाडून एकेक चालू करत गेलं की दोषी लाइन बहुधा सापडते.

नव्या वायरिंगमध्ये आणखी एक खास गोम असते ती न्यूट्रलची. दोन आरसीसीबी असताना एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्याच्या पट्टीवर गेला, किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळला, की जाणारा-येणारा हिशेब जुळतच नाही. मग कुठलाही दोष नसलेला पंखा लावला तरी खटका पडतो. पीओपी होऊन गेल्यावर हे शोधणं म्हणजे छत फोडणं. म्हणून प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा ओढायला आणि त्याला नंबर लावायला आधीच सांगा.

अर्थिंगला आरसीसीबी पर्याय नाही. अर्थिंग धड असेल तर गिझरच्या पत्र्यात करंट उतरताच खटका पडतो. नसेल तर तो पडायला कुणाचा तरी हात लागावा लागतो. जुन्या इमारतींत थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे कित्येकदा वायरच नसते. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला ते कळत नाही. त्याला तुम्हीही एक उपकरणच.

घर आटोपशीर असलं तरी एकाऐवजी दोन आरसीसीबी घ्या, म्हणजे बाथरूमच्या लाइनमुळे रात्री फ्रिज बंद पडणार नाही. वायरमनला शेवटचा हप्ता देण्यापूर्वी, घरात वीज चालू असताना, दोन्हींचं टेस्टचं बटण त्याच्यासमोर दाबून बघा. खटका लगेच पडायला हवा. मात्र या बटणानं आतली यंत्रणा तपासली जाते, अर्थिंग नाही. ते मीटर लावून वेगळं मोजून घ्यावं लागतं.