सतराचा पाढा आणि चार मिनिटांच्या उठाबशा

दुपारच्या सुट्टीनंतरचा तास ज्याने घेतलाय त्यालाच ती अवस्था कळेल. डबे खाऊन झालेत, पंखा नुसता आवाज करतोय, मागच्या बाकावरची दोन डोकी दप्तरावर टेकलीत आणि मी फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज करतेय. पाचवीचा वर्ग, पट ५२. अशा वेळी मी आधी आवाज चढवायचे. त्याने डोळे उघडायचे, डोकं नाही.

मग कॅनडातल्या क्वीन्स युनिव्हर्सिटीचा एक प्रयोग वाचनात आला, मुलं ९ ते ११ वर्षांची, म्हणजे अगदी माझ्याच वर्गाच्या वयाची. वर्गातच २० सेकंद दणकून हालचाल करायची, १० सेकंद थांबायचं, असं ८ वेळा, हिशोब केला तर बरोब्बर ४ मिनिटं. नंतर एक चाचणी. कागदभर इंग्रजी डी आणि पी अक्षरं, त्यांच्या वर-खाली बारीक रेघा, आणि त्यातून फक्त दोन रेघांचे डी शोधून खुणा करायच्या. दिसायला सोपं वाटतं, पण मन जरा इकडेतिकडे गेलं की चुकलंच. हालचाल केली त्या दिवशी मुलांच्या चुका कमी झाल्या. त्याच टीमने दुसरी आणि चौथीच्या वर्गांचं निरीक्षण केलं तेव्हा चुळबूळ, बडबड, खिडकीबाहेर बघणं हे प्रकारही कमी झालेले दिसले.

डोक्यात नेमकं काय होतं? २००९ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय युनिव्हर्सिटीत २० मुलांना २० मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं आणि मग मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजल्या. आजूबाजूच्या चिन्हांकडे दुर्लक्ष करून फक्त मधलं ओळखायचं, असं काम दिलं होतं. चालून आल्यावर उत्तरं जास्त बरोबर आली, आणि लक्ष देण्याशी जोडलेली पी-३ नावाची लहर मोठी दिसली. मेंदू एखाद्या गोष्टीला किती लक्ष पुरवतोय याचा ती लहर म्हणजे एक अंदाज.

पण म्हणून लगेच मार्क वाढतील, वजन उतरेल असं कोणी पालकसभेत सांगायला लागलं तर मी तरी मान डोलावणार नाही. अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यात २४ शाळांत ३ वर्षं असा कार्यक्रम चालला, आठवड्याला ९० मिनिटं, तीही शिकवता शिकवता, आणि कार्यक्रम झालेल्या आणि न झालेल्या शाळांतल्या मुलांच्या बीएमआयमध्ये, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्यात, एकूण फरक पडला नाही. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट आवडली. ज्या वर्गात शिक्षक स्वतः मुलांबरोबर हालले त्या वर्गातली मुलंही जास्त हालली. म्हणजे खुर्चीत बसून "चला, उड्या मारा" म्हणणं फुकट.

माझा पहिला दिवस मात्र फसलाच. आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, ५२ मुलांनी एकदम उड्या मारल्यावर खालच्या वर्गाच्या बाई धावत वर आल्या, दोन कंपासपेट्या फुटल्या, कोणाचा तरी पाय दप्तराच्या पट्ट्यात अडकला आणि ४ मिनिटांच्या ब्रेकनंतर वर्ग जागेवर आणायला पंधरा मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उड्या नकोत, उठाबशा काढू, तर पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, आमचं काय चुकलं?" आपल्याकडे उठाबशा म्हणजे शिक्षाच ना, पोरं तरी काय करणार! मग मी पण काढायला लागले, गुडघे कुरकुरत होते तरी, आणि बाई स्वतः उठाबशा काढतायत म्हटल्यावर तो प्रश्न परत कोणी विचारला नाही.

आता दप्तरं आधी बाकाखाली जातात, जो तो आपल्या जागेवरच उभा राहतो, टाचा उचलायच्या, गुडघे वर घ्यायचे, बसायचं-उठायचं, आणि सोबत सतराचा पाढा. सतरा एके सतरा खाली, सतरा दुणे चौतीस वर. दिवसातून दोनदा केलं तरी ८ मिनिटंच होतात, आणि जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं व्यायाम सांगते, त्यामुळे याच्या नावावर खेळाचा तास गणिताला देऊन टाकायचा नाही. (हे मी कोणाला सांगतेय, परीक्षा जवळ आली की तो तास खाणारी मीच.)

वर्ग परत बसवायची युक्ती मात्र सापडली. बसायचं, मनगटावर दोन बोटं ठेवायची, १५ सेकंद नाडी मोजायची आणि गुणिले ४. मोजायचं म्हणजे गप्प बसावंच लागतं, गुणाकारही होतो. परवा एकाचं उत्तर ३२ आलं. "बाई, हा मेलाय!" म्हणून अख्खा वर्ग हसत सुटला, त्याने मात्र शांतपणे परत बोटं ठेवली आणि मोजायला लागला.