इरास्मस प्लसची शालेय देवाणघेवाण: जर्मनीतल्या मराठी पालकांनी कोणते कागद आधी बघावेत

मूल शाळेतून चिठ्ठी आणतं. डेन्मार्क, स्पेन किंवा पोलंडच्या शाळेत आठवडाभर राहायचं आणि दोन्ही शाळांनी मिळून कचरा, वीज, अन्नाची नासाडी, प्रवास यांवर काम करायचं. मुलाची निवड होते, घरात आनंदीआनंद होतो. मग निघायला पंधरा दिवस उरलेले असताना कोणीतरी मुलाचा पासपोर्ट उघडतं आणि त्याची मुदत संपलेली दिसते. जागा दुसऱ्या मुलाला जाते आणि घरात समज पक्का होतो, 'भारतीय पासपोर्ट म्हणून नाकारलं.' तसं नसतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी पात्रता. इरास्मस प्लस या युरोपीय संघाच्या कार्यक्रमात (सध्याचा टप्पा २०२१ ते २०२७) शालेय विद्यार्थ्याला नागरिकत्वाची अट नाही. मूल पाठवणाऱ्या शाळेच्या पटावर हवं, एवढंच. गटाने जाणं २ ते ३० दिवसांचं असतं आणि शिक्षक सोबत असतात. एकट्याने दीर्घकाळ जायचं तर ३० दिवसांपासून वर्षभरापर्यंत.

अर्ज पालकांनी करायचा नसतो. तो शाळा करते, जर्मनीत या कार्यक्रमाचं शालेय काम बघणाऱ्या बॉनच्या पेडागोगिशर आउसटाउशडीन्स्ट या संस्थेकडे. शाळेला इरास्मस प्लसची मान्यता नसेल आणि ती अर्ज करायला तयार नसेल, तर पालकाच्या हातात मुख्याध्यापकांशी बोलण्यापलीकडे काही नाही. 'आम्ही तुमच्या मुलाला इरास्मस मिळवून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्यांना कृपा करून एक सेंटही देऊ नका. पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांनाही सांगा, की भारतातल्या शाळा या शालेय योजनेत येत नाहीत. भारतासाठी जे मार्ग आहेत ते उच्च शिक्षणाचे.

तारखांचा घोळ दर वर्षी होतो. इंटरनेटवर 'फेब्रुवारी' वाचून पालक घाबरतात. ती तारीख शाळेने निधी मागण्याची आहे, आणि त्या निधीतून होणारा प्रवास बहुधा पुढच्या शालेय वर्षात असतो. शाळेसाठी मात्र ती फार कडक असते, कारण मुदत ब्रुसेल्सच्या दुपारी १२ वाजता संपते, रात्री १२ ला नाही. तुमच्यासाठी खरी तारीख शाळेच्या चिठ्ठीवरची, आणि ती अनेकदा आठवड्याभरातलीच असते.

आता जिथे गाडी अडते ते. भारतीय अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. आईवडिलांचे दहा वर्षांचे असल्यामुळे मुलाचा कधी संपतो याकडे लक्षच जात नाही. त्यात जर्मनीचा निवास परवाना सहसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिला जात नाही, म्हणजे एक संपला की दुसराही संपतो. वकिलातीकडून नवा पासपोर्ट यायला आठवडे जातात, मग परवान्यासाठी आउसलेंडरबेहोर्डची (परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची) वेळ मिळायला आणखी आठवडे, मोठ्या शहरांत महिने. मुलाचं वय १५ च्या पुढे असेल तर दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तो मागा. पासपोर्टच्या अर्जावर आई आणि वडील दोघांची सही लागते. वडील दुबईत किंवा आई भारतात असेल, तर हा एकच कागद दोन महिने खातो. प्रवासाच्या संमतिपत्रावरही दोघांची सही लागेल असं धरून चाला.

मधल्या काळात परवान्याऐवजी फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा कागद मिळतो. सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात. तो निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या परिच्छेदाखाली दिलेला असेल, तर जर्मनीत परत येता येतं. तिसऱ्या परिच्छेदाखाली असेल, तर बाहेर पडल्यावर परतीचा प्रश्न उभा राहतो. कागदावर खूण कुठल्या चौकटीत आहे ते बघा. खिडकीपलीकडचे अधिकारी हे आपणहून सांगत नाहीत. सांगायला हवं, निदान समोर शाळकरी मूल असताना तरी सांगायला हवं. तुम्हीच विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

पासपोर्ट आणि परवाना दोन्ही चालू असतील, तर शेंगेन देशांत (आपसात सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र कुठले देश शेंगेनमध्ये आहेत, याच्या जुन्या याद्या अजून फिरत असतात. क्रोएशिया २०२३ पासून आत आहे, रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत. आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात असूनही शेंगेनबाहेर आहेत. सर्बिया आणि तुर्कस्तान इरास्मस प्लसमध्ये आहेत, पण त्यांचे प्रवेशाचे नियम त्यांचे स्वतःचे. यजमान शाळा यांपैकी कुठे असेल, तर वर्गमित्रांचे आईवडील 'काही लागत नाही' म्हणतात त्यावर विसंबू नका. त्यांच्या मुलांना खरंच काही लागत नाही.

यजमान देश युरोपीय संघातला असेल, तर शूलरझामेललिस्टं, म्हणजे विद्यार्थ्यांची सामायिक प्रवास यादी, उपयोगी पडते. युरोपीय संघाच्या १९९४ च्या निर्णयानुसार, संघातल्या देशात राहणारी परदेशी मुलं शिक्षकासोबत शाळेच्या सहलीला दुसऱ्या सदस्य देशात या यादीवर व्हिसाशिवाय जाऊ शकतात. शाळा यादी भरते, मुख्याध्यापक सही करतात, आउसलेंडरबेहोर्ड शिक्का देते. अनेक शिक्षकांना ही सोय माहीतच नसते. निवड कळल्याच्या दिवशी वर्गशिक्षकांना विचारा, आणि यजमान देशाच्या दूतावासाकडून ती तिथे चालते याची शाळेमार्फत खात्री करून घ्या.

यादीत नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, आणि पासपोर्टवर ते मुलाच्या नावाला जोडून छापलेलं असतं. जर्मन शाळेच्या पटावर मात्र नुसतं नाव आणि आडनाव. तिकीट पटावरून काढलं जातं आणि दारात अडचण येते. शाळेला पासपोर्टच्या पानाची प्रत स्वतःहून द्या.

विम्यात सरकारी आरोग्य विमा असलेल्यांना फारसं काही करायचं नसतं, परदेशातल्या उपचारांसाठीचं युरोपीय कार्ड विम्याच्या कार्डाच्याच मागच्या बाजूला असतं. आयटीतल्या अनेक घरांत खाजगी विमा असतो आणि त्यांना हे कार्ड मिळत नाही, त्यांनी कंपनीकडून परदेशातल्या उपचारांबद्दल पत्र घ्यावं. तुर्कस्तानसाठी सरकारी विमावाल्यांनाही वेगळा कागद लागतो.

पैसे शाळेकडे येतात. रेल्वे-बससारख्या कमी प्रदूषणाच्या प्रवासाला जास्त अनुदान आहे. 'सुट्टीत भारतात असेल, तिथून थेट विमानाने गटात सामील होईल' असं परस्पर ठरवू नका. तो बदल शाळेच्या हिशोबात बसेलच असं नाही, शिवाय एकत्र रेल्वेने जाणं हा त्या कामाचाच भाग असतो.

निवडीसाठी मुलाला मनोगत लिहावं लागतं. ते पालकांनी लिहिलेलं लगेच ओळखू येतं: पृथ्वी वाचवू या, भावी पिढी, वगैरे. निवड न्याय्य आणि नोंदवलेली असावी असा या कार्यक्रमाचा दंडकच आहे, त्यामुळे शिक्षकांना ठोस काहीतरी दिसावं लागतं. घरातलं वीजमीटर महिनाभर वाचलं, डब्यातलं काय उरतं ते लिहून ठेवलं, उन्हाळ्यात आजोळी टँकरची वाट पाहिली, आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली आणि ती अजून वापरात आहे. हे आपल्या मुलांकडे आहे आणि दुसऱ्या देशातल्या मुलाला सांगण्यासारखं आहे. मोडक्यातोडक्या जर्मनीत का होईना, मुलालाच लिहू द्या.

शेवटी, दीर्घ मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी. ९० दिवसांच्या वर जायचं असेल, तर यजमान देशाचा स्वतंत्र परवाना लागतो. दुसरं म्हणजे जर्मनीबाहेर सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिल्यास इथला निवास परवाना आपोआप रद्द होऊ शकतो (ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना, असलेल्यांच्या कुटुंबीयांना ही मुदत बारा महिने आहे). त्याहून मोठी मुदत आउसलेंडरबेहोर्डकडून मागून घेता येते. ती मूल निघण्यापूर्वी मागा आणि लेखी घ्या.