एकाच मातीचे काळे-तांबडे: अथेन्सच्या चित्रभांड्यांची पार्श्वभूमी

प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सच्या भांड्यांवरचा तो तुकतुकीत काळा रंग म्हणजे मुळात रंग नव्हेच, मातीच. लोहयुक्त माती पाण्यात कालवायची, जाड कण तळाला बसू द्यायचे आणि वरचा अतिसूक्ष्म गाळ आटवून कुंचल्याने लावायचा. काळं काय नि तांबडं काय, ते भट्टी ठरवते.

भाजणी एकच, टप्पे तीन. आधी हवा खेळती ठेवून सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत ताप, सगळं तांबडं. मग हवा कोंडून, ओली लाकडं सारून ९०० ते ९५० अंश; सगळं काळं. याच वेळी गाळाचा थर काचेसारखा घट्ट होतो. भट्टी निवताना पुन्हा हवा सोडली की भांड्याचं सच्छिद्र अंग तांबडं होतं. घट्ट थरात प्राणवायू शिरत नाही, तो काळाच राहतो. थर पातळ बसला किंवा मधल्या टप्प्यात ताप कमी पडला, तर काळ्यात तांबूस डाग उमटतात. नामांकित भांडीही त्यातून सुटलेली नाहीत.

काळ्या आकृतींची रीत मूळची कॉरिंथ या ग्रीक नगराची, इ.स.पू. ७००च्या आसपासची. आकृती काळी भरायची आणि आतले तपशील भाजण्याआधी टोकदार हत्याराने कोरायचे. या कोरीवकामाचा कळस अथेन्सचा कारागीर एक्सेकियास याच्या, आता व्हॅटिकनमध्ये असलेल्या भांड्यावर दिसतो. ट्रॉयच्या युद्धातले ग्रीक वीर अकिलीस आणि अजॅक्स पटावर डाव मांडून वाकलेत. एकाच्या तोंडापाशी ‘चार’, दुसऱ्याच्या ‘तीन’ असं लिहिलंय. अंगरख्यांवरची वेलबुट्टी केसाएवढ्या रेषांची. या युद्धाची गाथा सांगणाऱ्या होमरच्या काव्यात हा प्रसंग नाही, हे विशेष.

पण कोरलेली रेषा ताठच राहते. इ.स.पू. ५२५च्या सुमारास अथेन्सच्या कारागिरांनी उलटं केलं: पार्श्वभूमी काळी, आकृती तांबडी, तपशील कुंचल्याने. संक्रमणकाळातल्या म्यूनिकमधल्या एका भांड्यावर वीर हेराक्लीस आणि देवी अथेना यांचा तोच प्रसंग एका बाजूला जुन्या रीतीत, दुसऱ्या बाजूला नव्या रीतीत आहे. काळा गाळ पातळ केला की तपकिरी छटा मिळते. चित्रकार युफ्रोनियसने ट्रॉयच्या युद्धात पडलेल्या सार्पेडॉन या वीराचं पिळदार शरीर रंगवताना तिचा पुरेपूर वापर केला. निद्रा आणि मृत्यू हे देव त्याला उचलतायत, जखमांतून रक्त वाहतंय.

असली कितीतरी भांडी सापडली ती ग्रीसमध्ये नव्हे, इटलीतल्या एट्रुस्कन या प्राचीन लोकांच्या थडग्यांत. म्हणूनच अठराव्या शतकात ती ‘एट्रुस्कन’ समजली जात, आणि कुंभकामाचा उद्योजक वेजवुडने १७६९मध्ये आपल्या इंग्लंडमधल्या कारखान्याला ‘एट्रुरिया’ नाव दिलं.