बटण दाबल्यावर गाडी कुणाचं ऐकते?

चवथीच्या आधी आमच्या घरच्या ग्रुपवर तो जुना संदेश पुन्हा फिरला. चावी आत राहून गाडी लॉक झाली तर घरी फोन लावा, घरच्यांना दुसऱ्या चावीचं बटण फोनपाशी धरून दाबायला सांगा, तुम्ही तुमचा मोबाइल गाडीच्या दाराला लावा, दार उघडतं. खाली पाच-सहा जणांनी हात जोडले होते. असं होणं शक्य नाही. चावीतला रिमोट आवाज काढत नाही, रेडिओलहर सोडतो. आपल्याकडच्या बहुतेक रिमोटांची लहर 433.92 मेगाहर्ट्झची असते, म्हणजे सेकंदाला 43 कोटींहून जास्त कंपनं. फोन नेतो तो माणसाचा आवाज, सेकंदाला काही हजार कंपनांचा. त्या वाटेने रिमोटची लहर पलीकडे पोचणारच नाही.

मी हे ग्रुपवर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी डिचोलीहून मावसभावाचा फोन आला. त्याने जुनी हॅचबॅक घेतली आहे, हाताने गिअर टाकायची. म्हापशाच्या एका दुकानात त्याला रिमोट स्टार्टवाले अलार्म दाखवले होते. घरातूनच बटण दाबायचं, इंजिन आणि एसी चालू, पाच मिनिटांनी थंड गाडीत जाऊन बसायचं. "दादा, एकाची रेंज एक किलोमीटर म्हणतात आणि दुसऱ्याचा सायरन मोठा आहे. कुठला घेऊ?"

रेंज आणि सायरन मी यादीत शेवटी ठेवीन. पहिला प्रश्न असा: तू बटण दाबलंस तेव्हा हवेतून जे गेलं ते बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणी टिपून ठेवलं, तर त्याला उद्या तुझी गाडी उघडता येईल का?

अगदी स्वस्त अलार्म किट असेल तर उघडता येते. त्यातला रिमोट दर वेळी तोच आकडा पाठवतो. आकडा कितीही लांबलचक असला तरी एकदा टिपला की संपलं. पुन्हा तसाच हवेत सोडला की गाडी उघडते. गेटच्या रिमोटची नक्कल करून देणारे कोरे रिमोट बाजारात उघड मिळतात, ते याच जातीच्या रिमोटांवर चालतात. यावरचा उपाय म्हणजे बदलता कोड, दुकानात ज्याला रोलिंग कोड म्हणतात. इतक्या छोट्या जागेत इतकी सुंदर कल्पना मी क्वचितच पाहिली आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो.

आमच्या आजोळी भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असे. समजा तसली दोन कॅलेंडरं आहेत, तंतोतंत सारखी, आणि प्रत्येक पानावर तारखेखाली एक अगम्य शब्द आहे. एक कॅलेंडर रिमोटकडे, एक गाडीकडे. बटण दाबलं की रिमोट वरचं पान फाडून त्यावरचा शब्द ओरडतो. गाडी आपल्या पानाशी ताडून पाहते, दार उघडते आणि तिचंही पान फाडून टाकते. बाजूला उभ्या असलेल्या चोराने शब्द ऐकला खरा, पण तो फाडलेल्या पानावरचा. गाडी मागचं पान पुन्हा मानत नाही, आणि पुढच्या पानावर काय आहे ते चोराला ठाऊक नाही.

प्रत्यक्षात पानं छापलेली नसतात, दर वेळी तिथल्या तिथे तयार होतात. त्यासाठी रिमोटमध्ये दोन गोष्टी लागतात: दर दाबाला एकाने वाढणारा मोजणीचा आकडा, आणि रिमोट व गाडी यांनाच माहीत असलेली गुप्त किल्ली. मोजणी गुप्त किल्लीबरोबर घुसळली की शब्द तयार होतो. घुसळण्याची सर्वांत गाजलेली रीत म्हणजे कीलॉक. ती 1980च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि 1995 साली मायक्रोचिप या अमेरिकी कंपनीने विकत घेतली. तिच्या एका प्रसिद्ध चिपचा संदेश 66 बिटांचा, म्हणजे 66 शून्य-एकांचा. त्यात 28 बिट रिमोटचा अनुक्रमांक, थोडे बिट कुठलं बटण दाबलं आणि सेल उतरलाय का ते सांगणारे, आणि उरलेले 32 बिट म्हणजे तो बदलता शब्द. 32 बिटांचे सुमारे 429 कोटी वेगवेगळे शब्द होतात.

आता घुसळण पाहू. 32 दिव्यांची माळ डोळ्यांसमोर आणा, काही पेटलेले, काही विझलेले. माळेतले ठरलेले पाच दिवे बघायचे आणि एका तक्त्यात त्यांचं उत्तर शोधायचं, पेटता की विझता. त्या उत्तरात माळेतले आणखी दोन दिवे आणि गुप्त किल्लीचा एक बिट मिळवायचा. मिळवायचा म्हणजे एवढंच, की या चारांत पेटत्यांची संख्या विषम आली तर नवा दिवा पेटता, सम आली तर विझता. हा नवा दिवा माळेच्या एका टोकाला घालायचा, दुसऱ्या टोकाचा एक काढून टाकायचा. झाली एक फेरी. अशा 528 फेऱ्या. किल्ली 64 बिटांची, तेव्हा ती या फेऱ्यांत बरोबर सव्वाआठ वेळा फिरते. आधीची मोजणी 4711 असेल आणि नंतरची 4712, तर सुरुवातीला फरक मोजक्या दिव्यांचा. 528 फेऱ्यांनंतर साधारण निम्मी माळ बदललेली असते. दोन्ही शब्द शेजारी ठेवले तरी ते शेजारच्या आकड्यांचे आहेत हे कुणाला ओळखता येत नाही. गाडीकडे तीच किल्ली असल्याने ती या फेऱ्या उलट फिरवते आणि मोजणी परत मिळवते.

मोजणी 16 बिटांची, म्हणजे 65,536 आकडे. दिवसाला 20 वेळा बटण दाबलं तरी सगळे आकडे संपायला जवळजवळ 9 वर्षं लागतात.

पण रिमोट खिशात दाबला गेला, गाडी जवळ नाही, तर? रिमोटचं कॅलेंडर पुढे गेलं, गाडीचं मागेच राहिलं. म्हणून गाडी फक्त पुढच्याच पानावर अडून बसत नाही, पुढची 16 पानं मान्य करते. त्याहून पुढचं पान आलं तर ती गप्प राहते, पण ते लक्षात ठेवते. लगेच त्याच्या पुढचं पान आलं की तिची खात्री पटते आणि ती स्वतःचं कॅलेंडर तिथे आणून ठेवते. हे मी डिचोलीत भावाच्या ओसरीवर करून पाहिलं. गाडी मंदिरापाशी लावलेली. त्याच्या चार वर्षांच्या मुलीच्या हातात रिमोट दिला आणि मोजत बसलो. पंचवीस वेळा दाबून झाल्यावर गाडीपाशी गेलो. पहिल्यांदा दाबलं, काहीच नाही. दुसऱ्यांदा दाबलं, टक् करून चारही दारं उघडली. "सेल वीक झालाय" असं म्हणून आपण जे दुसऱ्यांदा दाबतो, त्यात पुष्कळदा गाडी आणि रिमोट आपली पानं जुळवत असतात.

कीलॉक आज मजबूत मानत नाहीत. दर 64 फेऱ्यांनी किल्ली तशीच पुन्हा येते, या आवर्तनाचाच फायदा घेऊन 2008 साली बेल्जियम आणि इस्रायलच्या संशोधकांनी तिच्यावर गणिती हल्ला दाखवला. त्याच वर्षी जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या गटाने चिप काम करताना किती वीज खाते एवढंच मोजून किल्ली बाहेर काढली. यात मोठं दुखणं निघालं ते कारखान्याचं. एका उत्पादकाच्या सगळ्या रिमोटांच्या किल्ल्या एकाच मुख्य किल्लीपासून तयार होत असतील, तर ती एकदा हाती लागली की नंतर दोनच संदेश ऐकून रिमोटची नक्कल करता येते.

दुसरा हल्ला गणिताला हातच लावत नाही. सॅमी कामकार या अमेरिकी तंत्रज्ञाने 2015 साली तो जाहीरपणे दाखवला. चोराचं यंत्र गाडीच्या कानाशी गोंगाट करतं आणि त्याच वेळी तुमचा शब्द टिपतं. गाडी उघडली नाही म्हणून तुम्ही पुन्हा दाबता. यंत्र दुसराही शब्द टिपतं आणि पहिला सोडून देतं. गाडी उघडते, तुम्ही निघून जाता, आणि न वापरलेलं पुढचं पान चोराच्या खिशात राहतं.

यावर खरा इलाज सवाल-जवाबाचा. रिमोटचं बटण दाबताच गाडी एक ताजा, यदृच्छया निवडलेला आकडा त्याच्याकडे पाठवते आणि रिमोट तो किल्लीत घुसळून उत्तर देतो. त्या क्षणापलीकडे त्या उत्तराला किंमत नसते. दुकानदाराला विचारायचं ते हेच: रिमोट फक्त बोलतो, की गाडी त्याला उलट सवाल करते? नुसता "टू-वे" शब्द ऐकून समाधान मानू नका. कित्येक किटांत त्याचा अर्थ रिमोटच्या पडद्यावर गाडीचं चित्र दिसतं, एवढाच असतो. "मिलिटरी ग्रेड" या शब्दाला तर काहीच अर्थ नाही.

खिशात चावी ठेवून नुसत्या स्पर्शाने उघडणाऱ्या गाड्यांचं दुखणं वेगळं. तिथे गाडी 125 किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरीने चावीला हाक मारते, ती जेमतेम एक-दोन मीटर पोचते. दोन चोर ही हाक पुढे नेऊन घरातल्या चावीपर्यंत पोचवतात. झ्यूरिकच्या संशोधकांनी 2011 साली आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखवलं. अशी चावी रात्री घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, आणि डबा गाडीपाशी नेऊन दार उघडत नाही ना हे एकदा तपासा. बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीने ती हाक अडत नाही. दर शनिवारी नवं लिंबू बांधणारी माणसं कोड बदलता आहे की नाही हे कधी विचारत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता रिमोट स्टार्ट. चावीच्या मुठीत एक बिनसेलची छोटी चिप असते. चावी फिरवताना कुलपाभोवतालचं वेटोळं तिला वीज देतं, ती आपली ओळख सांगते आणि मगच इंजिन चालू होतं. हा इमोबिलायझर. चोरापुढची सर्वांत भक्कम भिंत हीच. पण घरात बसून इंजिन चालू करायचं तर चावी गाडीत नसताना ही ओळख पटवावी लागते. त्यासाठी काही ठिकाणी तुमची दुसरी चावीच डॅशबोर्डमागे वेटोळ्यात गुंडाळून कायमची ठेवून देतात. म्हणजे अलार्मसाठी पैसे मोजायचे आणि सर्वांत मजबूत कुलूप स्वतःच्या हाताने उघडं ठेवायचं. निदान फक्त रिमोटने स्टार्ट करतानाच ती चिप जोडणारं आणि एरवी तोडणारं सर्किट तरी हवं. दुकानदार तुमची दुसरी चावी मागत असेल, तर ती कुठे राहणार हे विचारल्याशिवाय देऊ नका.

हाताने गिअर टाकायच्या गाडीत धोका आणखी. पणजीत आल्तिनोच्या चढावर गाडी लावणारा माणूस ती गिअरमध्येच ठेवतो, आणि ते योग्यच आहे. त्या गाडीला घरातून स्टार्ट दिला तर ती उडी मारते. चांगल्या किटमध्ये यासाठी एक क्रम असतो: इंजिन चालू, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर, चावी काढायची, इंजिन चालूच राहतं, तुम्ही उतरून दार लावून लॉक केलं की मगच बंद पडतं. नंतर एकदा जरी दार उघडलं तरी स्टार्टची परवानगी रद्द होते. हा क्रम नसलेलं किट अशा गाडीला लावूच नये. बॉनेट उघडं असताना स्टार्ट न देणारा स्विचही हवाच, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत तो लवकर गंजतो, तेव्हा पावसाळ्यानंतर तपासा. शटर लावलेल्या गॅरेजमध्ये तर रिमोट स्टार्ट कधीच नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि त्याला वास नसतो. रस्त्यावर लावलेल्या गाडीच्या बाबतीत कायदाही आड येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 126 सार्वजनिक जागी चालकाशिवाय इंजिन चालू ठेवून गाडी उभी करायला मनाई करतं.

उरलेलं थोडक्यात. धक्का ओळखणाऱ्या सेन्सरची संवेदना कमी-जास्त करता आली पाहिजे. नाहीतर नरकासुराच्या रात्री अख्ख्या वाड्यातल्या गाड्या बोंबलतात आणि खऱ्या चोरीच्या वेळी कुणी खिडकीतून बघत नाही. माडाखाली गाडी लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अलार्म 20 मिलिअँपिअर खातो असं धरलं, तर महिन्याला साधारण 14 अँपिअर-तास जातात, 45 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. जहाजावर सहा-आठ महिने जाणाऱ्या तारवटींनी बॅटरीची एक वायर काढून ठेवावी किंवा महिन्यातून दोनदा कुणाला तरी गाडी फिरवायला सांगावं.

भावाने शेवटी सवाल-जवाबवाला अलार्म घेतला आणि स्टार्टची वायर जोडलीच नाही. उकाड्याचं काय, असं त्याने विचारलं. उन्हात बंद गाडी तासाभरात बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे 22 अंशांनी तापते आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते, असं 2005 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात मोजलं आहे. ती कोंडलेली हवा थंड करण्यापेक्षा बाहेर घालवणं सोपं. तो आता चारही काचा खाली करून बाजारापर्यंत जातो, मग काचा वर करून एसी लावतो. दुसरी चावी मावशीच्या कपाटात आहे.