सॉकर हा शब्द अमेरिकेचा नव्हे

विश्वचषक जवळ आला की कुणीतरी म्हणतंच, ‘खरा शब्द फुटबॉल, सॉकर हे अमेरिकेचं खूळ.’ मला याचा मनापासून वैताग येतो. सॉकर जन्मला इंग्लंडात, तोही ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी.

फुटबॉल सर्वांना ठाऊक आहे, तो समजावत बसत नाही. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात ‘फुटबॉल’ हे एका खेळाचं नावच नव्हतं. शाळाशाळांचे नियम निराळे. कुठे चेंडू हातात घेऊन पळता यायचं, कुठे नाही. १८६३च्या ऑक्टोबरात लंडनला फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. चेंडू घेऊन पळणं आणि नडगीवर लाथ घालणं नियमात ठेवायचं का, यावरून तिथे बिनसलं आणि हे हवं असलेला ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. १८७१मध्ये चेंडू हातात घेऊन पळणाऱ्या रग्बीवाल्यांनी वेगळी युनियन काढली. आता फुटबॉल दोन झाले, असोसिएशन फुटबॉल (म्हणजे आपला नेहमीचा) आणि रग्बी फुटबॉल. नुसतं ‘फुटबॉल’ म्हणून भागेना.

त्या काळी ऑक्सफर्डात शब्द छाटून शेवटी ‘अर’ लावायची टूम होती. ब्रेकफास्टचं ब्रेकर, रग्बीचं रगर. असोसिएशनच्या स्पेलिंगमधली s-o-c ही तीन अक्षरं उचलली, ‘अर’ लावलं आणि झालं सॉकर. रगर आणि सॉकर ही जुळी भावंडं आहेत. (चार्ल्स रेफर्ड-ब्राउन या खेळाडूने हा शब्द सहज बोलताना काढला, ही गोष्ट लोक आवडीने सांगतात. तिला ठोस पुरावा नाही, तेव्हा ती सांगणं थांबवावं.)

अमेरिकेत रग्बीतून घडलेल्या खेळाने फुटबॉल हे नाव बळकावलं, म्हणून दुसऱ्याला टोपणनाव चिकटलं. तरीही १९१३च्या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावात फक्त ‘फुटबॉल’ होतं; ‘सॉकर’ आलं १९४५ मध्ये. ऑस्ट्रेलियातही दुसरे फुटबॉल आहेत, म्हणून राष्ट्रीय संघ ‘सॉकरूज’. आणि इंग्रजांना या शब्दाचं वावडं असतं, तर १९६०मध्ये लंडनला ‘वर्ल्ड सॉकर’ नावाचं मासिक निघालं नसतं.

मराठीत मात्र मी फुटबॉलच म्हणेन. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दुसरा कुठला फुटबॉल नाही, त्यामुळे टोपणनावाची गरजच पडलेली नाही. न्यू जर्सीतला भाचा सॉकर म्हणाला तर त्याला टोकू नका. तिथे फुटबॉल म्हटलं की समोरचा वेगळाच खेळ समजेल.