गोष्ट मोबाइलवर लावून द्यायची की वाचून दाखवायची?

पालकसभेत हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: "आमच्या पोराला आम्ही रोज पुस्तकं ऐकवतो." कशी, असं विचारलं की खिशातून मोबाइल निघतो. त्यात वावगं काही नाही. पण ऑडिओबुक लावून देणं आणि पुस्तक मांडीवर घेऊन वाचून दाखवणं ही दोन कामं आता एकच समजली जातात. दोन्हींतून पोराच्या पदरात पडतं ते मात्र वेगळं.

जे सारखं आहे ते आधी सांगतो. दोन्हींत पुस्तकी मराठी कानावर पडते. रोजच्या बोलण्यात हिरमुसला, निमूटपणे, दबा धरून हे शब्द सहसा येत नाहीत, गोष्टीत येतात. घरी वऱ्हाडीत 'डोये' (डोळे) आणि 'शाया' (शाळा) म्हणणाऱ्या पोराला पहिलीच्या पुस्तकातली मराठी अनोळखी वाटू नये, यासाठी ऑडिओबुकातला स्वच्छ आवाज फार कामाचा. घरात गोंडी, कोलामी किंवा कोरकू बोलली जात असेल तर आणखीच. वऱ्हाडी सोडवण्यासाठी हे करायचं नाही. आणखी एक मराठी कानावरून जावी, एवढाच हेतू.

खरा फरक आहे तो थांबण्याचा. माय वाचते आहे, कोल्हा कडब्याच्या गंजीमागे लपलाय, आणि पोरगा विचारतो, "पण थो तिथं कायले गेला?" माय थांबते. "तुले काय वाट्टे?" म्हणते. पोरगा दोन पानं मागं उलटतो, चित्रातल्या कुत्र्यावर बोट ठेवतो आणि सांगतो, "याच्या भेवानं." मोबाइलवरचा कोल्हा तोवर गंजीतून निघून गावाबाहेर पोचलेला असतो. पॉजचं बटण आहे, मान्य. पण एकटं बसलेलं पाच वर्षांचं पोर प्रश्न पडला म्हणून ते दाबत नाही. ते प्रश्नच सोडून देतं.

या थांबण्याचं मोल तपासून झालेलं आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 साली अमेरिकेत दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या घरी एक प्रयोग केला. वाचून दाखवणं दोन्ही गटांत होतं. एका गटातल्या पालकांना फक्त मध्येमध्ये खुले प्रश्न विचारायला आणि मुलाचं उत्तर वाढवून परत बोलायला शिकवलं होतं. महिनाभरातच त्या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांत दुसऱ्या गटाच्या पुढे गेली. म्हणजे पुस्तक घेऊन गडगड वाचत सुटणारे बाबा आणि ऑडिओबुक यांत फार अंतर नाही, हेही लक्षात घ्या.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर प्रश्नच मिटतो. पॅट्रिशिया कुल यांनी 2003 साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर माणूस बसून खेळत-वाचत बोलला, तिथे बाळं त्या भाषेचे ध्वनी ओळखू लागली. तेच बोलणं व्हिडिओवरून किंवा नुसत्या आवाजातून दिलं, तिथे काहीच शिकली नाहीत. तेव्हा पाळण्याशेजारी मोबाइलवर गोष्टी लावून ठेवणाऱ्यांनी तो बंद केला तरी चालेल.

आता अक्षरांकडे येऊ. आपल्या लिपीत डोळ्यांना दिसतं आणि कानाला ऐकू येतं ते दर वेळी एकाच क्रमाने येत नाही. 'किती' वाचताना आधी वेलांटी दिसते, पण ऐकू आधी क येतो. 'सूर्य' म्हणताना र हा य च्या आधी उच्चारला जातो आणि लिहिताना य च्या डोक्यावर जाऊन बसतो. हे नुसत्या कानाने कधीच कळायचं नाही. शब्दाखालून बोट फिरवत कुणीतरी वाचलं तर हळूहळू कळतं. 'बोट फिरवत' हे महत्त्वाचं, कारण कॅनडातल्या संशोधकांनी 2005 साली मुलांच्या नजरेचा माग काढला तेव्हा दिसलं, की वाचून दाखवताना लहान मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रंच बघतात. मजकुराकडे त्यांचं लक्ष आपोआप जात नाही, ते न्यावं लागतं.

गॉफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 साली मांडलं, की वाचून समजणं हा एक गुणाकार आहे: अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकून समजणं. एक आकडा शून्य असला की उत्तर शून्य. ऑडिओबुक दुसरा आकडा वाढवतं, पहिल्याला हातही लावत नाही. म्हणून "रोज तास-दीड तास ऐकतो, तरी वाचता येत नाही" ही तक्रार ऐकून नवल वाटत नाही. पण हाच गुणाकार उलट्या बाजूनेही बघावा. चौथीत गेलं तरी अक्षरांशी झगडणारं, किंवा डोळ्यांनी कमी दिसणारं पोर ऑडिओवर मोठी गोष्ट मजेत समजून घेतं. त्याची समज शाबूत आहे, हे त्याला आणि घरच्यांना तिथेच कळतं. अशा पोराची गोष्ट बंद करून "आधी वाचायला शीक" म्हणणं मला क्रूरपणाच वाटतो.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, सांगायला सोपं आहे. दिवाळीच्या आसपास वेचणी जोरात असते. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला चूल पेटवायची असते, पुस्तक कुठून उघडणार? आणि घरात वाचता येणारं मोठं माणूसच नसेल तर? इथे ऑडिओबुक बिनदिक्कत वापरा. तीच गोष्ट विसाव्यांदा ऐकायची पोराला हौस असते, तेव्हाही माणूस थकतो, मोबाइल थकत नाही. फक्त पोराला एकटं सोडू नका. भाकरी थापता थापता आजीने मोबाइल थांबवायला सांगावं आणि विचारावं, "आता काय होईन रे?" याला अक्षरओळख लागत नाही. वर आजीला स्वतःची एखादी गोष्ट आठवली तर ऑडिओबुक त्या दिवसापुरतं बंद.

मोबाइल घरात एकच, तोही बाबांसोबत वावरात, ही रड बऱ्याच घरांत आहे. वर गावात रेंज मिळेलच असं नाही. म्हणून तालुक्याला गेलात की रेंजमध्येच गोष्टी उतरवून घ्या. 64 केबीपीएसच्या दर्जाची तासभराची गोष्ट साधारण 29 एमबी भरते. वाजवताना स्क्रीन पालथा ठेवा, नाहीतर पाच मिनिटांत गोष्टीचं कार्टून होतं. कानात इअरफोन खुपसू नका, स्पीकरवर ऐकली तर सगळं घर ऐकतं.

पुस्तकं नाहीत, हे कारण मात्र आता टिकत नाही. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ 2015 पासून आहे, त्यावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, उतरवून छापताही येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं. जिल्हा परिषद शाळेतल्या कुलूपबंद कपाटाबद्दल मात्र मुख्याध्यापकांनाच विचारावं लागेल.

वाचणारं मोठं माणूस नसलेल्या घरात माझी पहिली पसंती ऑडिओबुकाला नाही, चौथीतल्या ताईला आहे. ती पहिलीतल्या भावाला रोज दोन पानं वाचून दाखवील. त्याला गोष्ट मिळते, तिला मोठ्याने वाचायचा सराव मिळतो. ती जोडाक्षराला अडेल, चुकेल, उगाच आवाज काढेल. लगेच दुरुस्त करायला धावू नका. आणि भाऊ जर "तुले वाचताच येत नाई" म्हणून हसला, तर पुस्तक त्याच्या हातात द्या.