उलटे चुंबक आणि पीटर ग्रीन यांचा स्वर

ब्रिटिश ब्लूज रॉक गिटारवादक पीटर ग्रीन यांचे २५ जुलै २०२० रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, झोपेतच निधन झाले. ते दिवस टाळेबंदीचे होते, त्यामुळे जळगाव-धुळ्याकडच्या त्यांच्या मोजक्या चाहत्यांना एकत्र बसून चार गाणी ऐकण्याचीही सोय नव्हती. खान्देशात ब्लूज रॉक, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गाण्यांतून निघालेले रॉक संगीत, ऐकणारे आहेत तरी किती, असे कोणी विचारील. पण गिटार शिकणारी मुले सगळीकडे असतात, आणि गिटार शिकणारा मुलगा आज ना उद्या ग्रीन यांच्यापाशी पोहोचतोच. त्या आठवड्यात मोबाइलवरून फिरलेली शोकाची वाक्ये जुलैअखेर अजूनही पुन्हा फिरतात. त्यांतील दोन ठरलेली आहेत. एक, ‘त्यांची गिटार रडत असे’. आणि दुसरे, ‘तसा स्वर पुन्हा होणे नाही, कारण त्या गिटारच्या लाकडातच आत्मा होता’. पहिल्या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्याबद्दल आहे, कारण त्या स्वराचे कारण लाकडात नसून बोटभर लांबीच्या एका चुंबकात आहे, आणि दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील विद्युत चुंबकीय प्रवर्तनाचा धडा ज्याला आठवतो, त्याला ते समजण्यासारखे आहे.

आधी थोडी माहिती. १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या बँडमध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्या जागी ग्रीन आले. १९६७ मध्ये त्यांनी ‘फ्लीटवुड मॅक’ हा बँड उभा केला आणि १९७० मध्ये तो सोडलाही. कार्लोस सान्ताना यांनी पुढे जगभर गाजवलेले एक गाणे मुळात ग्रीन यांनी रचलेले आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यांच्या हातातील १९५९ सालची गिब्सन लेस पॉल गिटार त्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गॅरी मूर या तरुण आयरिश वादकाला अगदी माफक किमतीला देऊन टाकली. २०१४ मध्ये ती ‘मेटॅलिका’ या बँडचे गिटारवादक कर्क हॅमेट यांच्याकडे गेली. तिघांच्याही हातात तिचा एक विशिष्ट स्वर ऐकू येतो. तो पोकळ आहे, थोडा बारीक आहे, आणि सर्दी झालेला माणूस बोलतो तसा नाकातून आल्यासारखा आहे. चाहते शोक करतात तो या स्वराचा, आणि मलाही त्याचेच वेड आहे.

विद्युत गिटारची तार पोलादाची असते. तारेखाली एक पिकअप बसवलेला असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. विहिरीवरची मोटार जळाल्यावर ती भरून आणणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना ही तांब्याची तार चांगली परिचयाची आहे; फरक इतकाच की पिकअपमधील तार केसाइतकी, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची असते. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःही किंचित चुंबकित होते. ती थरथरली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होते, आणि फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे वेटोळ्यात विद्युत दाब निर्माण होतो. तार खाली गेली की अधिक, वर आली की उणे, असे समजू. हाच दाब तारेतून अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. आता चुंबक उलटे केले, उत्तर ध्रुवाच्या जागी दक्षिण ध्रुव आणला, तर काय होईल? अधिकच्या जागी उणे आणि उणेच्या जागी अधिक येईल. ऐकणाऱ्याला मात्र काडीचाही फरक कळणार नाही, कारण एकट्या लहरीचे अधिक-उणे ओळखण्याची कानाला सोय नाही.

फरक कळतो तो दोन लहरी एकत्र आल्यावर. लेस पॉल गिटारवर दोन पिकअप असतात. एक मानेकडे आणि एक तारा जेथे टेकतात त्या ब्रिजकडे. स्विच मधल्या जागी ठेवला की दोन्ही एकदम चालू होतात आणि त्यांच्या दाबांची बेरीज बाहेर पडते. ग्रीन यांच्या गिटारमध्ये मानेकडच्या पिकअपमधील चुंबक उलटे होते, त्यामुळे बेरजेच्या जागी वजाबाकी बाहेर पडत असे. सगळे रहस्य एवढ्यातच आहे, आणि तरीही ते पुरते उलगडत नाही. कारण एकाच तारेच्या दोन सारख्या लहरी वजा केल्या तर शून्य उरायला हवे. गिटार मुकी व्हायला हवी होती. ती मुकी का झाली नाही, हा माझ्या मते या विषयातील सर्वांत देखणा प्रश्न आहे, आणि वाचकांनी पुढचे दोन परिच्छेद धीर धरून वाचावेत अशी विनंती आहे.

तार एका स्वरात थरथरत नसते. पाचवी मोकळी तार छेडली की ११० हर्ट्झचा मूळ स्वर निघतो आणि त्याबरोबरच २२०, ३३०, ४४०, ५५०, ६६० असे त्याच्या पटीतील स्वरही निघतात. यांना हार्मोनिक म्हणतात. मूळ स्वरात संपूर्ण तार एकच फुगवटा घेऊन खालीवर होते, दुसऱ्या हार्मोनिकमध्ये तारेचे दोन भाग परस्परांच्या उलट हलतात, सहाव्यात सहा भाग. लेस पॉलची तार सुमारे ६३ सेंटिमीटर लांब असते. मानेकडचा पिकअप ब्रिजपासून साधारण पाव लांबीवर, म्हणजे १६ सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि ब्रिजकडचा सुमारे ४ सेंटिमीटरवर. दोहोंमधील अंतर साडेअकरा-बारा सेंटिमीटर. मूळ स्वरात तारेचा एक फुगवटा पूर्ण ६३ सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे दोन्ही पिकअपांवरची तार एकाच वेळी एकाच दिशेला जाते; वजाबाकीत हा स्वर बराचसा खाल्ला जातो. सहाव्या हार्मोनिकमध्ये मात्र एकेक भाग साडेदहा सेंटिमीटरचाच उरतो. एका पिकअपवर तार खाली जात असते तेव्हा दुसऱ्यावर ती वर येत असते, एकाचे अधिक आणि दुसऱ्याचे उणे. अधिकातून उणे वजा केले की बेरीज होते, हे आपण सातवीपासून जाणतो.

आकडे मांडून पाहायला हरकत नाही. ब्रिजकडचा पिकअप तारेच्या एक पंधरांश लांबीवर धरला, तर प्रत्येक हार्मोनिकसाठी पिकअपला जाणवणारी हालचाल साइनच्या कोष्टकावरून काढता येते: मानेकडे ४५ अंशांच्या पटी आणि ब्रिजकडे १२ अंशांच्या पटी. मूळ स्वराची बेरीज येते ०.९२ आणि वजाबाकी ०.५०. तिसऱ्या हार्मोनिकची बेरीज १.२९ आणि वजाबाकी अवघी ०.१२, म्हणजे तो जवळजवळ पुसलाच जातो. चौथ्या हार्मोनिकमध्ये मानेकडची तार हलतच नाही, म्हणून दोन्ही प्रकारांत सारखेच उत्तर येते. आणि सहाव्याची गंमत अशी की बेरीज जेमतेम ०.०५, तर वजाबाकी १.९५! नेहमीची गिटार मधल्या स्विचवर जे ऐकूच देत नाही, तेच ग्रीन यांची गिटार सर्वांत मोठ्याने ऐकवत होती. पाचवा आणि सातवा हार्मोनिकही असेच वर येतात. मूळ स्वर अशक्त, तिसरा गायब आणि पाच-सहा-सात ठळक. नाकातल्या त्या स्वराचा हा सांगाडा आहे. (तारेत मुळात प्रत्येक हार्मोनिकचा जोर सारखा नसतो आणि पिकअप एका बिंदूवर नव्हे तर काही रुंदीवर ऐकतो, त्यामुळे वरचे आकडे म्हणजे आदर्श तारेचे गणित आहे.) शिवाय पडद्यावर बोट ठेवून तार आखूड केली की ही सारी गुणोत्तरे बदलतात, म्हणून प्रत्येक सुराचा रंग निराळा येतो. चाहत्यांना त्या वादनात ‘बोलणे’ ऐकू येते, त्याचा थोडा वाटा या बदलत्या रंगाचाही असावा, असे मला वाटते.

हे ज्यांना कागदावर पटत नसेल त्यांनी लग्नाच्या मंडपात जावे. आपल्याकडे ध्वनिक्षेपकवाला घाईत एका बेसच्या पेटीच्या दोन तारा उलट जोडतो, आणि दोन पेट्यांच्या मधोमध उभे राहिल्यावर ढोलाचा ठोका एकदम पातळ होतो, गायिकेचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू येत राहतो. एका पेटीचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसरीचा मागे जातो. सात मीटर लांबीची ५० हर्ट्झची लहर दोन्हीकडून उलटसुलट येऊन मिटते, तर काही सेंटिमीटरच्या उंच स्वरांच्या लहरी कुठे मिटतात, कुठे वाढतात. ‘भाऊ, प्लस-मायनस उलटं व्हई गयं,’ असे म्हणून तो पेटीमागे वाकतो, दोन स्प्रिंगच्या खटक्यांतून तारा ओढून अदलाबदल करतो, आणि जमिनीतून पुन्हा धमधम सुरू होते.

आता एका गैरसमजाकडे वळू, आणि तो अंधभक्तांचा नसून चांगल्या वादकांचा आहे. ग्रीन यांच्या गिटारच्या छायाचित्रांत मानेकडचा पिकअप उलटा फिरवून बसवलेला दिसतो. ज्या स्क्रूंची ओळ मानेकडे असायची ती ब्रिजकडे आहे. त्यावरून असा समज पसरला की पिकअप फिरवल्यानेच फेज, म्हणजे लहरीचे अधिक-उणे, उलटला. पुष्कळ मुलांनी आपापल्या गिटारींचे पिकअप फिरवून पाहिले आणि निराश झाली. ती निराश होणारच होती. या पिकअपला हंबकर म्हणतात. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास तो तयार केला. त्यात दोन वेटोळी शेजारी असतात, त्यांचे वेढे परस्परविरुद्ध आणि चुंबकीय ध्रुवही परस्परविरुद्ध. घरातील विजेची ५० हर्ट्झची घरघर दोन्ही वेटोळ्यांत शिरते. तिला ध्रुवांशी देणेघेणे नसते, म्हणून उलट वेढ्यांमुळे ती आपोआप कटते. तारेचा संकेत मात्र वेढ्यांमुळे एकदा आणि ध्रुवामुळे पुन्हा एकदा उलटतो, म्हणजे सुलटच राहतो, आणि त्याची बेरीज होते. हा पिकअप टेबलावर ठेवलेल्या ताटासारखा अर्धा फिरवला तर वेटोळ्यांच्या जागा बदलतात, पण उत्तर ध्रुव वरच राहतो आणि घड्याळाच्या दिशेचे वेढे घड्याळाच्याच दिशेचे राहतात. अधिक-उणे बदलायला काही कारणच उरत नाही. ते बदलायचे तर आतील चुंबक उलटावे लागते. मला याची गंमत वाटते की लव्हर यांनी घरघर मारण्यासाठी जी वजाबाकी योजून वापरली, तीच नकळत दुसऱ्यांदा घडली आणि संगीतातील एक जाड थर खाऊन गेली.

मग ग्रीन यांचे श्रेय काय? लेस पॉलला दोन पिकअपांसाठी आवाजाची दोन स्वतंत्र बटणे असतात. दोन्ही सारखी ठेवली तर वजाबाकी पुरेपूर होते. एक थोडे उतरवले की मूळ स्वर हळूहळू परत येतो आणि पोकळपणा भरत जातो. दोन टोकांमधील ही जागा कानाने शोधावी लागते. दुसऱ्या एखाद्या वादकाने हा दोष समजून गिटार दुरुस्तीला दिली असती. ग्रीन यांनी ती तशीच वाजवली, आणि कमी सूर वाजवून प्रत्येक सुराला वेळ दिला, हे चुंबकाचे काम नव्हते. स्विच मधल्या जागी नसताना वाजवलेले त्यांचे सूरही तितकेच करुण आहेत, हेही लक्षात ठेवावे.

लाकडातील आत्म्याची गोष्ट मात्र बाजाराला सोयीची आहे. १९५९ सालच्या या गिटारी आज लाखो डॉलरना विकल्या जातात, आणि आत्मा असल्याखेरीज एवढी किंमत सांगणे विक्रेत्यालाही अवघड जाते. ब्लूजला अशा गोष्टींची मुळातच आवड. १९३८ मध्ये २७ व्या वर्षी वारलेल्या ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन यांनी मध्यरात्री चौफुलीवर सैतानाला आत्मा विकून वादन मिळवले, असे अजून सांगितले जाते. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर मध्यरात्री उभे राहणाऱ्याला ट्रकच्या हॉर्नखेरीज काही मिळत नाही. ग्रीन यांच्या मानसिक आजाराचेही असेच कथानक केले जाते, प्रतिभेची किंमत वगैरे. त्यांना स्किझोफ्रेनिया होता. तो मेंदूचा आजार आहे, त्यावर डॉक्टरांकडे उपचार आहेत, आणि ते स्वतः १९९० च्या दशकात पुन्हा मंचावर उभे राहिले. आपल्याकडे अशा रुग्णाला आधी भगताकडे नेण्यात महिने जातात, म्हणून हे सांगणे भाग पडले.

ज्यांना हा स्वर स्वतःच्या गिटारवर हवा आहे, त्यांच्यासाठी दोन सूचना. पिकअपमधून चार रंगांच्या तारा बाहेर येत असतील तर चुंबकाला हात लावू नये. जाणकाराकडून एका पिकअपच्या तारांची अदलाबदल करून घ्यावी, म्हणजे स्विच लावून हवे तेव्हा मूळ स्वरावर परतता येते. जुन्या पद्धतीची, वरून धातूची जाळी असलेली एकच तार असेल तर ही अदलाबदल करू नये, कारण मग पिकअपचे धातूचे कवच आणि जाळीच संकेताच्या बाजूला येते आणि घरघर वाढते. तेथे खालचे चार स्क्रू सैल करून चुंबकाची पट्टी बाहेर काढावी लागते आणि तिची जी कड स्क्रूंच्या ओळीला टेकलेली होती, ती समोरच्या ओळीला टेकेल अशी परत सरकवावी लागते. हे करताना केसाएवढी तांब्याची तार तुटली तर पिकअप मुका होतो. तो पुन्हा भरणारे कारागीर मोठ्या शहरांत शोधावे लागतात. पाच अश्वशक्तीची मोटार भरणारा आपला वाइंडिंगवाला ती तार बघूनच हात जोडील.